सुकतीची मैफल

माझ्या आईला भूगोल शिकवणाऱ्या टीचरनी उभ्या आयुष्यात फक्त एकाचंच ऐकलं, आणि तो म्हणजे अरबी समुद्र. मुख्याध्यापक, चर्चचे पाद्री, गावचे सरपंच, गुडघ्याचे डॉक्टर अशा अनेकांनी आपापल्या परीने प्रयत्न करून पाहिले. टीचर सगळ्यांना चहा देतात, बरोबर खोबऱ्याची वडी देतात आणि मग स्वतःच्या मनात असतं तेच करतात. सावंतवाडीच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या समुद्राकाठच्या आपल्या गावी परतल्या आणि घराला जोडून प्रवाशांसाठी चार खोल्या बांधल्या. खोल्यांना नंबर नाहीत. त्यांना टीचरनी वाऱ्यांची नावं दिली आहेत: मतलई, खारा, नैर्ऋत्य आणि ईशान्य. रस्त्यावर पाटी लावा असं आलेला प्रत्येक पाहुणा सुचवतो. "पाटी कित्याक?" टीचर म्हणतात. "वाट चुकलेलो माणूस बरोबर हयच येता."

आलेल्या माणसाला चावी मिळण्याआधी एक तोंडी परीक्षा द्यावी लागते. टीचर त्याला पुढच्या ओसरीत उभं करतात आणि विचारतात, "पश्चिम खंय?" समोर अख्खा समुद्र पसरलेला असतो. तरीही दहातले चार जण खिशातून मोबाईल काढतात. अशांना ईशान्य खोली मिळते, जिच्या खिडकीतून विहीर, केळी आणि शेजाऱ्यांचं वाळत घातलेलं धुणं दिसतं. माझी आई शाळेत असताना टीचरच्या वर्गात सदैव मागच्या बाकावर बसायची. मला पहिल्यांदा पाहिल्यावर टीचर म्हणाल्या, "मागल्या बाकावरचीचा चेडू तू? मग तू थेट वर्गाभायर असतलंस."

अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. कॉलेज संपल्यावर मी घरात फारसं कुणाशी बोलत नव्हते, म्हणून आईनेच मला एप्रिल-मे असे दोन महिने टीचरकडे पाठवलं होतं. काम सोपं होतं. पाहुण्यांच्या इंग्रजी मेलना उत्तरं द्यायची आणि मैफलींच्या दिवशी खुर्च्या मांडायच्या. माणसांत मिसळायला शिकशील, असं आई म्हणाली. खुर्च्यांत मिसळणं मला जास्त जमलं.

उन्हाळ्यातल्या या मैफली टीचरच्या ओसरीत होतात. त्या ओसरीला त्या बलकांव म्हणतात. दोन बाजूंना सिमेंटची बाकं, मध्ये चटई आणि पंचवीस खुर्च्या. सव्विसावा माणूस आला तर त्याला स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकावं लागतं, आणि ऐकता ऐकता कांदे सोलावे लागतात. माईक नाही. पंखा कुरकुरतो म्हणून तोही बंद. झावळीचे हातपंखे मिळतात, पण वारा घेताना लय चुकली तर टीचर जवळ येऊन पंखा काढून घेतात. मोबाईल गोळा करून भाताच्या टोपात ठेवले जातात आणि वर झाकण घालून त्यावर वरवंटा ठेवला जातो. एकदा टोपातला एक मोबाईल वाजला आणि त्याच्या थरथरण्याने सगळेच खडखडू लागले. त्यावेळी बासरी वाजवणाऱ्या मुलाने डोळे उघडून टोपाकडे जी दाद दिली, ती त्या दिवशीची सर्वात मनापासूनची होती. खोकणाऱ्यांची जागा पायरीजवळ. खोकणारे ओळखायला टीचर प्रत्येकाला दारातच एक लिमलेटची गोळी देतात आणि तो ती चोखतो की चावतो ते पाहतात. चावणारा माणूस पुढे खोकतोच, असा त्यांचा चाळीस वर्षांच्या शिकवण्यातला अनुभव आहे.

पण खरी पंचाईत असते ती वेळेची. टीचरच्या मैफलीला घड्याळाची वेळ नसते. ओसरीखालच्या दगडी गडग्यावर भरतीच्या लाटा आपटतात तेव्हा शेजारच्या माणसाचं बोलणंही कळत नाही. म्हणून मैफल सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाणी दूर जाऊन समुद्र गप्प झाला की. सुकती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते आणि तिच्यामागून मैफल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे गवई सुखी असतात, त्यांना संध्याकाळचे साडेपाच-सहा मिळतात. बाकीच्यांचं नशीब. गोव्याहून आलेल्या दोन गिटारवाल्या पोरांनी भर दुपारी एक वाजता वाजवलं आणि मधल्या वेळात डोक्यावर ओले टॉवेल घेतले. त्यांनी बिचकत विचारलं, "टीचर, संध्याकाळी नाही का जमणार?" टीचरनी समुद्राकडे बोट केलं. "माका कित्याक इचारतास? तेका इचारा."

मला सुकती हा शब्दच माहीत नव्हता. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "मेल धाड सगळ्यांका, मैफल सुकतीवांगडा सुरू जातली." वांगडा म्हणजे बरोबर, एवढं मला कळत होतं. सुकट मी ओळखत होते, कारण ती आमच्या घरी महिन्यातून दोनदा होते. तेव्हा मी सर्व पाहुण्यांना नीट, सभ्य इंग्रजीत कळवलं की या वर्षीची मैफल सुक्या मासळीसोबत सादर होईल. पुण्याच्या एका शाकाहारी कुटुंबाने दिलगिरी व्यक्त करून खोली रद्द केली. मुंबईच्या एका ग्रुपने विचारलं की दोन वाट्या मिळतील का. हे कळल्यावर टीचर शुद्ध मराठीत बोलू लागल्या. त्या एरवी मालवणीत बोलतात. प्रमाण मराठी सुरू झालं की समजायचं, कुणीतरी चुकलं आहे. "तुझ्या आईलाही," त्या म्हणाल्या, "नकाशात कोकण सापडत नसे."

हा सगळा खटाटोप त्या कशासाठी करतात, ते मला एका दुपारी कोकम फोडताना कळलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी स्टाफरूममध्ये चित्रकलेच्या सरांचा ट्रान्झिस्टर असे. एके दिवशी त्यावर एक बाई गात होती. टीचर पुढच्या तासाचे नकाशे गुंडाळत होत्या, ते तसेच हातात धरून उभ्या राहिल्या. आणि तास झाल्याची घंटा वाजली. सातवीच्या वर्गात मोसमी वारे शिकवायचे होते. ते शिकवून परत येईपर्यंत रेडिओवर बाजारभाव सुरू झाले होते. चित्रकलेच्या सरांकडून त्यांनी गाणाऱ्या बाईंचं नाव विचारून खडूच्या खोक्यावर लिहून घेतलं. राग कोणता ते सरांनाही ठाऊक नव्हतं.

"पुढचां रवला," टीचर म्हणाल्या. "एकदाच आयकाचा आसा. पुरां, शेवटापर्यंत."

कॅसेटी झाल्या, सीड्या झाल्या. मीही मोबाईलवर त्या बाईंची सात-आठ रेकॉर्डिंग शोधून दिली. सगळी संध्याकाळच्या जलशांतली. प्रत्येक वेळी टीचर डोळे मिटून दोन मिनिटं ऐकत आणि म्हणत, "ह्यां न्हय." मग खूण पटावी म्हणून आपल्याला आठवणारी जागा गुणगुणून दाखवत. टीचरच्या गळ्यात सूर नाही. ते गुणगुणणं बिजागरी गंजलेल्या दारासारखं आहे, आणि त्यावरून राग ओळखणं कुठल्याही पंडिताला शक्य झालं नसतं.

त्या गायिका आता कोल्हापूरला असतात, वयाने थकल्या आहेत. टीचर त्यांना नऊ वर्षं दर जानेवारीला पत्र लिहीत होत्या. यंदा उत्तर आलं. मे महिन्यात एका लग्नासाठी त्या सावंतवाडीला येणार होत्या, लग्नाचा दुसरा दिवस मोकळा होता. "संध्याकाळी सहाला बसू," असं पत्रात होतं. टीचरनी भिंतीवरचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहिलं आणि त्या खाली बसल्या. तो अष्टमीचा दिवस होता. संध्याकाळी सहाला ऐन भरती. सुकती सकाळी अकराला.

"टीचर, एकदाच भरतीत ऐकूया ना," मी म्हटलं.

"भरतीत अर्धांच आयकाक येतला. अर्धां माझ्याकडे आसा."

फोन मला करायला सांगितला. टीचरना कशाचीतरी भीती वाटते हे मी तेव्हा प्रथमच पाहिलं. त्या शेजारी बसून पुटपुटत होत्या, "सांग, येळ बदलूची नाय. सांग, दर्या आमच्या बापाशीचो न्हय." मी त्याचं जमेल तसं नम्र मराठी करत होते. बाई स्वतःच फोनवर होत्या.

"सकाळी अकरा? अगं बाळ, सकाळी गाणं कोण ठेवतं?"

"सुकती असते ना आमच्याकडे," मी म्हणाले. "तेव्हाच सगळं करतात."

"सुकती?" बाईंनी आवाज खाली आणला. "जागृत आहे का गं?"

मला प्रश्न कळला नाही. न कळलेल्या प्रश्नाला मी नेहमी जे म्हणते तेच म्हटलं, "हं."

"मग देवीच्या वेळेपुढे आपण कोण बोलणार? अकरा तर अकरा."

फोन ठेवल्यावर मला कळलं की काय झालं. टीचरनी फक्त विचारलं, "येतली?" मी म्हटलं, "येतली." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पुढचे दहा दिवस मी कुणालाच काही सांगितलं नाही. हा माझा स्वभाव आहे, आणि त्याचा मला बहुतेक वेळा फायदाच झाला आहे.

टीचरनी तयारी सुरू केली. अकराच्या सुमारास गावातली मासेवाली स्कूटरवरून पोंपों करत जाते. तो भोंगा वाजू नये म्हणून टीचरनी त्या सकाळी तिची अख्खी पाटी विकत घेतली. घरात इतके बांगडे झाले की पाहुण्यांना ते न्याहारीलाही मिळाले. पाटी रिकामी झाल्यावर मासेवालीला दिवसभर दुसरं काम उरलं नाही. ती हातपाय धुऊन आली आणि पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसली. लिमलेटची गोळी तिने चोखली, त्यामुळे टीचरना तिला उठवता येईना.

सव्वादहाला गायिका आल्या. नऊवारी, हातात काठी, मागे तबलजी आणि तंबोरा घेतलेली एक शिष्या. शिष्येच्या दुसऱ्या हातात तबक होतं, त्यात नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू.

"आधी सुकतीमातेची ओटी भरू," बाई म्हणाल्या. "देऊळ कुठं आहे?"

टीचरनी वळून माझ्याकडे पाहिलं. "हा काय प्रकार आहे?" त्यांनी विचारलं. शुद्ध मराठीत.

मी बोलले. पंचवीस माणसांसमोर एवढं लांब मराठी मी पूर्वी कधी बोलले नव्हते. सुकती म्हणजे ओहोटी, मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, टीचरना यातलं काही माहीत नाही, त्यांना फक्त ते गाणं पुढचं ऐकायचं आहे. स्टाफरूम, नकाशे, बाजारभाव, सगळं उलटसुलट क्रमाने. थांबले तेव्हा सगळे शांत होते. समुद्र तर फारच शांत होता, कारण पाणी पार लांब गेलं होतं.

"म्हणजे हिच्यासाठी मला सकाळची बोलावली," बाई समुद्राकडे बघत म्हणाल्या.

"हिच्यासाठीच," टीचर म्हणाल्या. त्यांचा आवाज मी कधी इतका लहान ऐकला नव्हता. "तुम्ही परत गेलात तरी मी समजू शकते."

तेवढ्यात मासेवाली बोलली. "दर्याक नारळ पुनवेक घालतत, अष्टमेक न्हय. पण हाडलास तर घाला. दर्या काय नको म्हणूचो नाय."

बाई हसल्या. काठी टेकत त्या ओल्या वाळूत उतरल्या, टीचर त्यांचा दंड धरून बरोबर. खण आणि तांदूळ वाळूवर ठेवले, नारळ पाण्यात सोडला. टीचर गळ्यातला क्रूस पदराआड सरकवून बाजूला उभ्या होत्या, एक डोळा घड्याळावर. अष्टमीची सुकती लहान असते.

तंबोरा लागल्यावर बाई म्हणाल्या, "ह्या प्रहरात देसी राग गातात. रेडिओवर सकाळी गायले होते, तो काळ वेगळा. आता अकरा वाजता आम्हाला बोलावतं कोण? वीस वर्षं हा घरातच आहे, ठेवणीतल्या लुगड्यासारखा. घडीवर फाटला असेल तर सांभाळून घ्या."

मला गाण्यातलं कळत नाही, त्यामुळे ते कसं झालं हे मी सांगू शकत नाही. मी टीचरकडे पाहत होते. पंखे, खोकणारे, टोप, यांतल्या कशाकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. अर्ध्या तासाने पहिली लाट वाळूच्या बांधापर्यंत आली, मग जवळ. बाईंनी आवाज चढवला नाही. टीचर खुर्ची सोडून त्यांच्यासमोर चटईवर जाऊन बसल्या, दुखऱ्या गुडघ्यांसकट. पाणी गडग्याला लागलं तेव्हा शेवटची तान संपली होती.

सगळे बांगडे खायला गेल्यावर मी विचारलं, "तेच होतं का?"

"माका ठावक नाय गो," टीचर म्हणाल्या. "तेव्हा मी एकवीस वर्षांची होतंय, कान येगळे होते. पण पुरां झाला."

जूनमध्ये मी घरी आले. आता पुण्यात नोकरी करते. टीचर फोन करतात तो बहुतेक खोल्यांच्या मेलबद्दल. मागच्या महिन्यात मात्र त्यांनी आधी पुण्यात वारा कुठल्या दिशेचा आहे ते विचारलं. मग म्हणाल्या, "जानेवारी इलो. पत्र कोणाक धाडूचा ताच कळना नाय. माझा आयकाचा संपला. तुझा कोणाचा गाणा अर्धवट रवलला आसा काय?"

"मी सगळीच गाणी अर्धवट ऐकते, टीचर."

"तसां न्हय. रवला म्हणान जीव लागना नाय, असा एखादा."

मी विचार करून सांगते म्हटलं. पत्र लिहायला त्या थांबल्या आहेत. दर रविवारी विचारतात, आणि मी रोज ऑफिसला जाताना कानात गाणी लावून शोधते. गाणी पुष्कळ आहेत. पण त्यांतलं एकही मधेच तुटलं म्हणून माझं अजून काही अडलेलं नाही, आणि हे टीचरना कसं सांगावं ते मला कळत नाही.