बारीक खाचांचे पिस्तूल

मामांवर लिहिण्याचा अधिकार मला आहे का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पण तेवढ्याने कोणी लेखक होत नाही. शिवाय मामांचे जे वाटोळे झाले त्यात माझा हात आहे. वाचकांनी आधी त्याची क्षमा करावी... लिहिण्यातल्या चुकांचे नंतर पाहू.

मामा पाच आठवड्यांपूर्वी केशोरीला, भावाच्या घरी वारले. पलटणीच्या हत्यारखान्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. महायुद्धाची लढाई संपल्यावर त्यांनी गोंदियाला बंदुका दुरुस्तीचे दुकान घातले. पिस्तूल हातात घेताच ते सांगत, हे पहिल्या घडणीचे की नंतरचे. घोड्याचा आकार, मुठीचा स्क्रू आणि वरचा सरकता भाग मागे ओढायला पाडलेल्या खाचा, एवढ्यावरून. कसे ओळखले, असे मी विचारले तर म्हणत, "आधी बारीक खाचा पाडत. लढाईत कोणाले वेळ होता गा? मंग रुंद आल्या. कालेजात हे नाई शिकवत काय?"

मी दुसऱ्या वर्षाला असताना पोलिसांनी एका दरोडेखोराजवळ पिस्तूल पकडले. त्याचा नंबर मामांच्या वहीत सापडला. सडक अर्जुनीकडच्या एका जमीनदाराचे त्याच नंबराचे पिस्तूल त्यांनी दुरुस्त करून परत दिले होते. प्रकरण अंगावर येईल या भीतीने जमीनदाराने हात वर केले, म्हणाला मला ते परत मिळालेच नाही. म्हणजे मामांनी ते विकले, असे पोलिसांनी ठरवले! पोलिसांच्या कचेरीत मोठे साहेब म्हणाले, "नंबर तो वही है, मिस्त्री." मामा म्हणाले, "नंबर वही है साहब, पिस्तौल दूसरी है. उनकी खाँचें बारीक थीं, इसकी चौड़ी हैं." सगळे हसले. साहेबांनी बजावले, पिस्तूल बनवणाऱ्या परदेशी कारखान्याचे तसे लेखी आणा, नाहीतर दुकानाचा परवाना रद्द.

मामांनी मला नागपूरहून बोलावून घेतले. इंग्रजी लिहिणारा मीच. ते सांगत होते, मी लिहीत होतो. "खाचाचं पयले लिहजो," असे त्यांनी दोनदा बजावले. वसतिगृहात परतल्यावर मी ते पत्र स्वच्छ उतरून काढले... आणि खाचा गाळल्या. घोडा, स्क्रू, सारेच गाळले. परदेशातल्या साहेबांसमोर हे गावंढळ दिसेल असे मला वाटले. माझे पत्र चार ओळींचे, व्याकरणशुद्ध होते. अमुक नंबराचे पिस्तूल आपण बनवले काय, कळवावे. पत्राचा मला अभिमान वाटला होता, हेही लिहून टाकतो.

उत्तर आले: होय, बनवले. मी ते दुकानात वाचून दाखवले. मामा ऐकत होते. "अन् खाचाचं?"

"त्याचं काही लिहिलं नाही, मामाजी."

"काऊन?"

मी विचारलेच नव्हते, एवढे म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मामा म्हणाले, "कारखान्यालेच फरक दिसत नाई, तं माहेच डोये गेले असन गा."

त्या उत्तराने काहीच सिद्ध झाले नाही आणि परवाना गेला. बाजारात लोक त्यांना दरोडेखोरांचा मिस्त्री म्हणू लागले, तोंडावरही. पण ते मामांना एवढे लागले नाही. दुकान बंद करून ते भावाकडे केशोरीला गेल्यावर एका शेजाऱ्याने ठासणीची भरमार बंदूक नुसती पाहायला दिली, तर त्यांनी हात मागे घेतला. "मले नको दाखवू. मले काही समजत नाई आता." हे मी समोर बसून ऐकले. तरी बोललो नाही.

त्यानंतर मी नागपूरहून दुसरे पत्र टाकले, कोणाला न सांगता. त्यात मामांनी सांगितलेले सारे होते, खाचा सगळ्यांत आधी. मामांच्या तेरवीहून परतलो तेव्हा उत्तर येऊन पडले होते. कारखान्याने कळवले होते: लढाईनंतर आम्ही नंबर पुन्हा पहिल्यापासून टाकले, त्यामुळे या नंबराची पिस्तुले दोन आहेत, जुन्याच्या खाचा बारीक, नव्याच्या रुंद. आपण पहिल्याच पत्रात खाचांविषयी विचारले असते, तर तेव्हाच सांगता आले असते.