शामरावांचा निम्मा आकडा

शामराव म्हणजे आमच्या एक्स-रे खात्यातले सगळ्यात जुने टेक्निशियन. परळच्या हॉस्पिटलात मी त्यांच्या हाताखाली शिकलो, त्यामुळे त्यांना रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी ते "अरे अजित" म्हणाले की मी निमूट उठतो. फिल्म उजेडासमोर धरून, "बघ, इथं बारीक चीर आहे," असं ते म्हणायचे तेव्हा डॉक्टरही पुन्हा वाकून बघायचे. हे कौतुक आधीच करून टाकतो, कारण पुढं फारशी संधी मिळणार नाही.

त्यांची दुसरी ख्याती घासाघिशीची. चाळीत कुणाला लालबागहून मसाला आणायचा असो की दादरहून लग्नाच्या साड्या, शामरावांना बरोबर न्यायचंच. त्यांचा नियम साधा होता. खिशात असेल त्याच्या साधारण निम्मं सांगायचं. दुकानदार कपाळाला हात लावतो, आपण दोन पावलं बाहेर पडतो, तो परत बोलावतो आणि मधे कुठंतरी जमतं.

चाळ पाडून टॉवर झाला आणि शामरावांना सतराव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. एकशेसाठ फुटांच्या खोलीत जन्म गेला, आता घर नीट आर्किटेक्टकडूनच करून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी फंडातले नऊ लाख बाजूला ठेवले. बँकेचा फॉर्म मीच भरला म्हणून मला ते माहीत. बकुळावहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, माहीत नव्हतं. घरात आकडा सांगितला की तो बाहेर फुटतो, हा शामरावांचा आणखी एक नियम.

आर्किटेक्ट मुलगी उर्वी, मूळची ठाकूरद्वारची, ऑफिस माटुंग्याला. पहिल्या बैठकीला आम्ही तिघं गेलो. दारातून आत आल्याबरोबर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो दिसला पाहिजे, हे शामरावांनी सगळ्यात आधी सांगितलं. तिनं ती भिंत लगेच मोकळी ठेवली. मग विचारलं, "काका, बजेट किती धरू?"

"पाच लाख," शामराव म्हणाले आणि खुर्चीत सावरून बसले. आता ती कपाळाला हात लावणार होती.

"ठीक आहे. पाचात बसवू," उर्वी म्हणाली.

शामराव बघतच राहिले. खाली रस्त्यावर आल्यावर वहिनी पुढं गेल्या तसे ते मला म्हणाले, "अरे, ती काहीच कशी बोलली नाही? निदान सात तरी म्हणायचं!"

"शामराव, तो भाव नव्हता. पेशंट आहे त्याच्या निम्मा जाड आहे असं सांगून एक्स-रे काढला तर काय होईल?"

"फिल्म पांढरी फटक येईल. पण पेशंट काय दुकानदार असतो का?"

त्यांना वाटत होतं, पुढच्या खेपेला ती नक्की वाढवेल. पुढच्या खेपेला तिनं अंदाजपत्रक दिलं. त्यात सागाच्या जागी प्लाय आला होता, माळा गेला होता आणि खाली पन्नास हजार अडीअडचणीसाठी राखून ठेवले होते.

"म्हणजे हिनंपण पैसे लपवले!" शामराव माझ्या कानाशी कुजबुजले. त्यांना जरा बरंच वाटलं.

"लपवले नाहीत. सांगून बाजूला ठेवलेत."

"सांगितल्यावर ते बाजूला कसे राहतील?" माणूस खरोखर गोंधळला होता. खरं सांगावं तर खोटा पडतो, न सांगावं तर घर निम्मं होतं. आणि मी, सगळं माहीत असून, उस्तादाचा पचका नको म्हणून गप्प बसलो. ह्याची मला अजून लाज वाटते.

चौथ्या बैठकीनंतर उर्वीनं ट्रेसिंग पेपरवरचे नकाशे घरी बघायला दिले. घर म्हणजे तेव्हा नायगावची भाड्याची खोली. वहिनी बाजारात गेल्या होत्या. शामरावांनी सवयीनं स्वयंपाकघराचा कागद उचलला आणि खिडकीच्या उजेडासमोर धरला. त्यांचा चेहरा उतरला.

"अजित, इथं काहीतरी खोडलंय."

ओटा बिल्डरनं दिला तसाच आतल्या भिंतीला होता. पण समोर, खिडकीखाली, खोडलेल्या पेन्सिलीची पुसट रेघ दिसत होती. दुसरा ओटा. त्याच्या बाजूला गोल, सावकाश अक्षरात "नको" लिहिलेलं. ते अक्षर दोघांनीही ओळखलं. वहिनींच्या किराण्याच्या यादीत तेच असतं.

शामरावांनी उर्वीला फोन लावला.

"काका, मापं घेताना काकूंनी तेवढंच मागितलं होतं," ती म्हणाली. "पाण्याची, ड्रेनेजची लाइन हलवायची, गॅसचा पाइप फिरवायचा, सव्वा लाखाचं काम. पाचात बसेना, तेव्हा त्यांनीच खोडलं. म्हणाल्या, ह्यांना सांगू नकोस, वाईट वाटेल."

चाळीच्या खोलीत वहिनींनी अडतीस वर्षं भिंतीकडं तोंड करून रांधलं. कधी बोलल्या नाहीत. शामराव कागद हातात घेऊन तसेच उभे राहिले आणि वहिनी पिशवी घेऊन आत आल्या, तेव्हा त्यांनी एका दमात सांगून टाकलं. पाच नाही, नऊ आहेत. पहिल्यापासून नऊच होते.

वहिनींनी पिशवी खाली ठेवली. "म्हणजे पैसे होते?"

"होते."

"मग चार महिने मी कुणाशी घासाघीस करत होते? ही खिडकी नको, तो माळा नको. माझ्या मनाशीच?"

शामराव म्हणाले, "मला वाटलं, ती वाढवेल."

"ती वाढवेल, पण मी कमी करेन हे नाही वाटलं तुम्हाला?"

माझ्याकडेही त्यांनी एकदा बघितलं. मी चपलांकडं बघत राहिलो.

मग त्यांनी पेन्सिल शोधली, कागद खिडकीच्या काचेवर लावला. शामरावांनी पुढं होऊन त्याची दोन्ही टोकं धरली. वहिनी त्या पुसट रेघेवरून सावकाश हात फिरवत होत्या. अर्ध्यावर थांबल्या.

"नऊच ना? की अठरा आहेत?"

शामरावांना हसावं की काय करावं कळेना. वहिनी हसत नव्हत्या. "पासबुक दाखवतो," ते म्हणाले.

"आत्ता नको, कागद हलेल," वहिनी म्हणाल्या. "रेघ पुरी झाली की दाखवा."

शामराव कागद घट्ट धरून उभे राहिले.