शंभरावा चिंचोका

हैदराबादेतल्या मलकपेठच्या त्या शाळेत गीताबाईंचा पहिलीचा वर्ग ओळखायला सोपा होता. बाकीच्या वर्गांत मुलं मण्यांशी, डाळींशी खेळत, आणि यांच्या वर्गात नुसता कागद. मण्यांची बरणी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर असे, तिथवर पोचायला खुद्द बाईंना स्टूल लागे. शेजारच्या वर्गावरची प्राजक्ता त्यांना चिडवायची की मॅडम, तुमची मुलं एक दिवस कागदच खातील. कागद खाल्ला तर चालतो, असं बाईंचं उत्तर ठरलेलं असे.

मुलं काहीबाही गिळतील, नाकात घालतील, या भीतीला कारण होतं. बाईंचा मुलगा धम्मदीप तीन वर्षांचा असताना त्याने नाकात हरभरा घातला होता. विचारलं तर पठ्ठ्या मान हलवून नाही म्हणाला. बाईंनी विश्वास ठेवला. संध्याकाळपर्यंत हरभरा फुगला आणि पोर श्वासासाठी तडफडू लागलं. डॉक्टरांनी चिमट्याने दाणा काढला तेव्हा बाई भिंतीला टेकून मटकन खाली बसल्या होत्या. धम्मदीप आता दाढी राखतो, ऑफिसात टाय लावून जातो, पण बाईंच्या डोळ्यांसमोरून तो हरभरा काही हलायला तयार नाही.

यंदा शाळेने ठरवलं, शाळेच्या वर्षाचा शंभरावा दिवस साजरा करायचा. प्रत्येक मुलाने घरून कशाचेही शंभर नग डब्यात आणायचे आणि शंभर घरं आखलेल्या कागदावर एकेका घरात एकेक चिकटवायचा. बाईंनी कागदी फुलं सुचवून पाहिली. प्राजक्ताने हात जोडले, तेव्हा कुठे त्या तयार झाल्या.

दिवस मोठा झोकात सुरू झाला. मुलं शंभर वर्षांची म्हातारी होऊन आली होती. कुणी केसांना पावडर फासलेली, कुणी आजोबांचा चष्मा नाकावर घेतलेला. कुणी बटणं आणली, कुणी शेंगांची टरफलं. रेणूने चिंचोके आणले होते. तिची आजी चतुराबाई परभणीकडची, शेतीवाडी सोडून मुलाबरोबर हैदराबादेत आलेली, आणि नातीची वेणीही तीच घाली. बाईंनी सकाळीच प्रत्येकाचा डबा मोजून घेतला. रेणूचे शंभर भरले.

तासाभराने कागद गोळा करताना बाईंचा हात रेणूच्या कागदावर थांबला. शेवटचं घर रिकामं होतं.

त्यांनी बाकाखाली पाहिलं, तिचे खिसे उलटे केले, वेणीतही पाहिलं. चिंचोका नाही. मग त्यांनी रेणूला खांद्याला धरलं आणि विचारलं, गिळलास का? रेणूने मान हलवली. नाकात घातलास? पुन्हा मान हलली. ती मान अगदी धम्मदीपसारखी हलत होती. त्यांचा चेहरा बघून पोरगी घाबरली, हमसून रडायला लागली, रडता रडता तिला खोकला आला. तो खोकला ऐकल्यावर बाईंचं उरलंसुरलं भान गेलं. वर्ग प्राजक्ताच्या गळ्यात टाकून त्यांनी रेणूला उचललं आणि फाटकाबाहेरची रिक्षा गाठली. एकदा फसले, पुन्हा फसणार नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

रिक्षात त्या रेणूच्या छातीला कान लावून बसल्या होत्या. रेणूने आपला डबा पोटाशी घट्ट धरला होता. घाबरल्यामुळे धरलाय, असं बाईंना वाटलं. रिक्षा गतिरोधकावरून धडकन उडाली आणि डब्यात काहीतरी खुळखुळलं.

बाईंनी झाकण उघडलं. तळाशी एक चिंचोका होता.

"हा इथे कसा गं?"

"ठेवली मी," रेणू हुंदके देत म्हणाली. "आजी म्हणते, डब्बा पूरा खाली करायचा नसतो. थोडं तरी ठेवायचं, म्हणजे पुन्हा भरते."

"मग मघाशी बोलली का नाहीस?"

"तुम्ही पूछले, गिळलीस का. मी नै म्हणले. तुम्ही ऐकलेच नै."

बाईंनी चिंचोका मुठीत घट्ट धरला आणि तिथेच ढसाढसा रडायला लागल्या. आता रेणूच त्यांचे डोळे पुसायला लागली. रिक्षावाल्याने मागे वळून सांगितलं, मेडम, दवाखाना आगे है. बाई नाक पुसत म्हणाल्या की वापस चलो. परतीच्या वाटेवर त्यांना इतकं हलकं वाटत होतं की रस्त्यातली गर्दीही आवडली.

वर्गात चष्मे लावलेले सगळे म्हातारे दाराशी वाट बघत उभे होते. एकाने चौकशी केली की रेणूचं ऑपरेशन झालं का. बाईंनी रेणूला तो चिंचोका चिकटवायला सांगून पाहिलं. ती तयार होईना, म्हणून रिकाम्या घरात डब्याचं चित्र काढलं आणि कागद तसाच भिंतीवर लागला.

संध्याकाळी कुकर लावायला बाईंनी तांदळाचा डबा उघडला. तांदूळ तळाला गेले होते. त्या मूठमूठ काढत गेल्या आणि शेवटच्या मुठीपाशी हात आपोआप थांबला. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने शिकवलं होतं, डबा झाडूनपुसून रिकामा करू नये. तेव्हापासून दर वेळी हात इथेच थांबत आला होता आणि आज त्याच चालीपायी त्या एका लेकराला दवाखान्यात घेऊन निघाल्या होत्या. बाईंना हसू आवरेना. धम्मदीप आत डोकावला, तशी त्यांनी त्याला सगळी हकीकत सांगितली.

"म्हणजे माझ्यामुळे त्या पोरीला ताप," तो म्हणाला. "मी खोटं बोललो होतो ना."

"तू तीन वर्षांचा होतास रे," बाई म्हणाल्या. "आणि ती नाही म्हणत होती, ते खरं होतं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्टुलावर चढून मण्यांची बरणी खाली काढली आणि रेणूच्या हातात दिली.