पाणी दाखवणारी मावशी

जगात पाहण्यासारखं जेवढं म्हणून काही आहे, तेवढं सगळं परमेश्वराने जुन्नरच्या पश्चिमेला एका धरणाच्या फुगवट्याकाठी आणून ठेवलं आहे आणि बाकीच्या मुलखात नुसते तिथे येणारे रस्ते केले आहेत, अशी माझ्या बायकोच्या मावशीची प्रामाणिक समजूत होती. ही समजूत कुणी खोडून काढू शकलं नाही. एकदा गावातल्या बायकांच्या सहलीबरोबर तिला महाबळेश्वरला नेलं होतं. परत आल्यावर सगळ्या बायका तिथल्या थंडीचं आणि स्ट्रॉबेरीचं कौतुक करत होत्या, तर मावशी म्हणाली, "तळं बरं हाय. पण मागं चावंड न्हाई. नुसती घोडी." चावंड म्हणजे तिच्या गावासमोरचा किल्ला. सकाळी वारा पडलेला असला की तो पाण्यात उलटा दिसतो आणि उन्हं चढून वारा सुटला की विरघळून जातो. हा किल्ला आपण स्वतः रोज पहाटे पाण्यात घालतो आणि दहाच्या सुमाराला काढून घेतो, अशा थाटात मावशी तो पाहुण्यांना दाखवायची.

पाहुणा म्हणजे तिचा पाहुणा असायला हवा असं मुळीच नव्हतं. एसटी गावात आली की मावशी थांब्यावर हजर. अंगावर नऊवारी लुगडं, पायात भाचीच्या शाळेच्या पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात मिटलेली काळी छत्री आणि कमरेला शेंगदाणे-गुळाची पिशवी. अनोळखी माणूस उतरला की तो कुणाकडे, कशासाठी आला आहे हे विचारायच्या आधी ती विचारायची, "पाणी बघितलं का?" नाही म्हणणाऱ्याची सुटका नव्हती. पोलिओचे डोस द्यायला आलेल्या नर्सबाईंना तिने आधी पाण्याकाठच्या टेकाडावर नेऊन डोस दिला. एकदा गावचे दिवे गेले म्हणून वायरमन आला. डीपीपाशी पोचायच्या आधीच मावशीने त्याला गाठलं, आणि तो खांबावर चढला तेव्हा दिवस मावळला होता. लोक तिच्यावर चिडले, तर ती त्यांच्यावरच उखडली. "दिवं काय रोज असत्यात. चकवं आजच आल्यात!" चकवे म्हणजे चक्रवाक. हिवाळ्यात येणारी ही भगव्या रंगाची मोठी बदकं थेट आपल्याला भेटायला येतात, याबद्दल तिला शंका नव्हती.

पाणी पहिल्यांदा दिसल्यावर माणूस काय बोलतो, त्यावरून ती त्याची पारख करायची. पुण्याचे एक गृहस्थ हात पसरून "अगदी काश्मीर!" म्हणाले, तर मावशीने त्यांना तिथूनच परत फिरवलं. "मंग काश्मीरलाच जायाचं व्हतं की, राव. हिकडं कशाला तंगडतोड केली?" उलट एका ट्रकच्या क्लीनरने पाणी पाहून काही न बोलता डोक्याचं फडकं काढून हातात धरलं, म्हणून त्याला तिने घरी नेऊन मासवडी खाऊ घातली. मासवडी हा आमच्या भागातला मानाचा पदार्थ. नावात मासा असला तरी आत बेसन, तीळ आणि खोबरं. ती मावशीच्या हातची मिळणं म्हणजे परीक्षेत पहिल्या वर्गात येण्यासारखं होतं.

या परीक्षेला मी बसलो तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी, एका डिसेंबरात, आणि तेही परीक्षा आहे हे ठाऊक नसताना. आम्ही मुलगी पाहायला गेलो होतो. शोभा म्हणजे मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. ती लहान असतानाच आई गेली, वडीलही पुढे फार दिवस राहिले नाहीत. मावशीला मूलबाळ नव्हतं आणि नवराही नव्हता, त्यामुळे मावशीने तिला वाढवलं की तिने मावशीला सांभाळलं हे सांगणं कठीण होतं. आम्ही पुणे-नाशिक रस्त्यावरच्या पेठ गावचे. मी भोसरीच्या एका कारखान्यात नोकरीला होतो. बरोबर आई होती आणि वडील. वडील एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी गाड्या सोडल्या होत्या आणि आता गाड्या नव्हत्या म्हणून ते आम्हाला सोडत. त्या दिवसाचं वेळापत्रक त्यांच्या खिशात होतं. नऊला पोचायचं, साडेनऊपर्यंत मुलगी पाहायची, साडेबाराच्या गाडीने निघायचं आणि चारला आळ्याला दुसरी मुलगी पाहायची.

गाडीतून उतरलो तर समोर मावशी. वडिलांनी नमस्कार करून घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, आम्हाला जरा घाई आहे. कार्यक्रम आधी उरकून घेऊ."

"पोरगी काय पळून जातीया व्हय?" मावशी म्हणाली. "चावंड मातुर जाईल. चला, पावणं."

आणि आम्ही निघालो. का निघालो ते अजून मला सांगता येत नाही. छत्रीच्या टोकाला काहीतरी जादू असावी. टेकाडावर पोचलो, समोर ते निळं पसरलेलं पाणी, त्यात तो उलटा किल्ला, आणि वडिलांचं पहिलं वाक्य निघालं, "इथून परतीची गाडी नक्की साडेबारालाच ना?" मावशीचा चेहरा पडला. मी म्हणालो, "बूट चावतोय." तिने डोळे मिटून घेतले. आई मात्र काही बोलली नाही. ती खाली काठाशी गेली, ओंजळभर पाणी घेऊन तिने तोंडावर मारलं आणि पदराने न पुसता तशीच उभी राहिली. मावशी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली.  आमचं लग्न तिथेच अर्धं ठरलं, असं आई पुढे सांगायची.

मग जे काही पाहायचं असतं ते सगळं पाहणं सुरू झालं. पंख पसरून वाळत बसलेले पाणकावळे पाहिले. हिरड्याचं झाड पाहिलं आणि वडिलांना एक हिरडा चघळायला लागला. एका कड्यासमोर उभं राहून हाक मारली की ती परत येते, तिथे प्रत्येकाने आपलं नाव ओरडायचं असा मावशीचा नियम होता. आई ओरडली, मी ओरडलो. वडील ऐकेनात. "आवो, एकदा वरडा तरी," मावशी म्हणाली, "इथं कोन हाय बघायला?" शेवटी त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि तीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "नाशिक, फलाट दोन!" कड्याने ते जसंच्या तसं परत सांगितलं. वडील आधी दचकले आणि मग हसले. त्यांना हसताना मी लहानपणापासून क्वचितच पाहिलं होतं.

साडेअकरा झाले होते. आता तरी घरी, असं आम्हाला वाटलं, पण काठाला कोळ्यांच्या दोन होड्या बांधलेल्या होत्या आणि कोळी बाजाराला गेले होते. चकवे आतल्या उथळाशी बसले होते. मावशीने आम्हाला होडीत बसवलं आणि वल्ही स्वतः घेतली. बरीच आत गेलो. अचानक ती उठून उभी राहिली, "ते बघा, ते बघा चकवं!" म्हणत तिने हात लांब केला, आणि छत्री समजून तिने जे पुढे केलं होतं ते वल्हं होतं. ते हातातून सुटलं आणि वाऱ्याबरोबर शांतपणे निघून गेलं.

एका वल्ह्याने होडी पुढे जात नाही, ती जागच्या जागी गोल फिरते. आम्ही फिरू लागलो. वडिलांनी एका हाताने काठ धरला होता आणि दुसऱ्या हातातलं घड्याळ डोळ्यांसमोर. मी बूट काढून हाताने पाणी मारत होतो. आणि मावशी, घाम पुसत, जे जे समोर येईल ते दाखवत होती. "हा चावंड. ह्यो धरणाचा बांध. ते आमचं देऊळ. ह्यो परत चावंड." तिचा आवाज मात्र बारीक झाला होता. वारा वाढला, होडी कलली, आई माझ्या दंडाला बिलगली. वडील ताडकन उभे राहिले आणि होडी आणखीच डुलली. मला खरंच भीती वाटली, कारण आमच्यात कुणालाही पोहता येत नव्हतं.

तेवढ्यात काठाकडून दुसरी होडी येताना दिसली. पिवळी साडी गुडघ्याजवळ खोचलेली, केसांत अबोलीचा गजरा, आणि वल्ही अशी पडत होती की पाण्याचा आवाजही होत नव्हता. जवळ येताच ती मुलगी ओरडली, "मावशे! आजच्या दिवशी तरी!" मग वडिलांकडे वळून, "काका, पोहता येतं का?"

"नाही," वडील म्हणाले.

"मग उभं राहायचं नाही. खाली बसा. दोन्ही हात काठाला."

ज्यांच्यापुढे आगारातले ड्रायव्हर चळचळ कापायचे, ते माझे वडील मुकाट्याने खाली बसले. तिने दोर फेकला, मला गाठ कशी मारायची ते दोन शब्दांत सांगितलं, मी चुकीची मारली, तेव्हा वाकून स्वतः मारली. होडी ओढीला लागल्यावर वडिलांनी विचारलं, "बाळ, तू कुणाची?"

"मलाच बघायला आलाय तुम्ही," ती म्हणाली आणि वल्ही मारू लागली.

काठावर आलो तेव्हा साडेबाराची गाडी गेलेली होती. घरी गेलो, ताटं वाढली गेली, आणि ताटात मासवडी होती. पण मावशी समोर आली नाही. पाणी मागायला मी आत गेलो तर ती चुलीपाशी तोंड फिरवून बसली होती.  "पोरीला आई न्हाई," ती म्हणाली. "मला वाटलं, नुसती पोरगी बघून माणसं जात्यात. तिचं सगळंच बघून जावं. ती जितं वाढली त्ये पानी, त्यो डोंगर. म्हंजी तिकडं गेल्यावं तिला कुनी इचारलं, का गं गप, तर तुमाला ठावं असंल. आन् मी यडीनं तिचंच वाटोळं केलं."  मी पाण्याचा तांब्या घेऊन तसाच बाहेर आलो.

बाहेर वडील जेवण संपवून हात धुऊन बसले होते. सुपारी कातरत त्यांनी आतल्या बाजूला ऐकू जाईल असा आवाज लावला. "मी पुष्कळ माणसं हाताखाली ठेवली. पण घोटाळा झाल्यावर आधी आरडाओरडा न करता माणसांना खाली बसवणारं माणूस एकच पाहिलं. आळ्याला आता जायचं कारण नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं काही म्हणणं आहे का?" माझं म्हणणं होडीतच झालेलं होतं.

लग्नानंतर वडील आणि मावशी यांचं विलक्षण जमलं. ती त्यांना 'इवाई' म्हणायची, म्हणजे व्याही, आणि ते तिला 'विहीणबाई'. दर हिवाळ्यात ते चार दिवस तिच्याकडे जायचे. ती पाहुणे गोळा करायची आणि हे त्यांना वेळेवर टेकाडावर पोचवायचे. दोन हजार सालानंतर गावात हॉटेलं झाली, मोटारबोटी आल्या, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागू लागली. लोक पाण्याकडे पाठ करून मोबाईलने स्वतःचेच फोटो काढत आणि निघून जात. मावशी त्यांच्यातही छत्री घेऊन फिरायची, पण आता तिच्याआधी बोर्ड सगळं सांगून मोकळे झालेले असत. गुडघेही बोलू लागले होते. आता ती जाऊन बरीच वर्षं झाली आणि वडीलही राहिले नाहीत. त्या दोघांना मी शेवटचं एकत्र पाहिलं तो मे महिना होता.

त्या वर्षी पाणी फारच आटलं होतं. इतकं, की धरणात बुडालेलं जुनं गाव वर आलं. गाड्या भरभरून लोक ते पाहायला येत होते. सगळं जग हौसेने दाखवणारी मावशी तिकडे मात्र कुणाला नेत नव्हती. विचारलं तर म्हणायची, "तिथं काय बघायचं? चिखुल हाय नुसता." धरण झालं तेव्हा तिचं घर त्यात गेलं होतं, हे मला शोभाकडून ठाऊक होतं. मावशीच्या तोंडून आम्ही ते कधी ऐकलं नव्हतं. एके सकाळी, लोक यायच्या आत, वडील तिला म्हणाले, "विहीणबाई, मला तुमचं घर बघायचंय."

 मावशी कॅनव्हासचे बूट घालून निघाली. दोघं एकमेकांच्या आधाराने भेगाळलेल्या मातीतून खाली उतरत गेले, मी मागून. देवळाचा चौथरा मागे पडला, विहिरीचं कडं मागे पडलं. एका ठिकाणी ती थांबली. चिखलात अर्धा रुतलेला एक लांबट दगड होता, मधोमध पावलांनी झिजलेला. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, काही नव्हतं. तिने वाकून पदराने तो दगड पुसला, पलीकडे गेली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि वळून म्हणाली, "या इवाई, आत या."

वडिलांनी चपला बाहेर काढल्या आणि उंबरा ओलांडला.