आडातला पितळी तांब्या

पुण्याच्या पोटात काय काय दडलंय हे सांगायला लागले की मी थांबत नाही. कात्रजच्या तलावातलं पाणी पूर्वी नुसत्या उतारावरून पेठांपर्यंत यायचं आणि त्या भुयारी नळातून माणूस वाकून चालू शकायचा, हे ऐकताना लोकांचे जे चेहरे होतात ते बघण्यासाठीच मी आठवडाभर हिंजवडीत नोकरी करते आणि रविवारी सकाळी वीस-पंचवीस जणांना कसबा पेठेत हिंडवते.

त्यांना मी रंगवून सांगायचे ती एक गोष्ट आमच्याच घरातली होती, पण ती आमची आहे हे मी कधी सांगितलं नाही. एका घरात नवी सून आली आणि महिन्याभरात, सासू रोज आडावर चूळ भरायला घ्यायची तो तिचा माहेरचा पितळी तांब्या गायब झाला. तेव्हा प्रत्येक भांड्यावर टिंबटिंब करून नाव घातलेलं असे. सासूने हळदीकुंकवाच्या निमित्ताने अख्ख्या आळीतली भांडी उलटीपालटी करून नावं वाचली. आडात गळ टाकून बघू, असं सून म्हणाली. "माझ्या हातून भांडं पडत नाही," असं सांगून सासूने गळ टाकू दिला नाही, आणि सुनेनेच तो माहेरी पोचवला असं जाहीर केलं. इथे हमखास हशा पिकायचा.

ती सून म्हणजे माझी आई. आजी होती तोवर तांब्याचा विषय निघाला की आई उठून आत जायची. त्या उठून जाण्यावरूनच मी लहानपणी ठरवून टाकलं होतं, की घेतला असणार हिनेच.

गेल्या महिन्यात, आमचं ते जुनं घर पाडून जिथे इमारत उठतेय तिथल्या सुपरवायझरचा फोन आला. तो अमरावतीकडचा. "ताई, आडातला गाळ काढतोय आम्ही. भांडे निघून राहिले ना! येता का?"

येता का! मीटिंग अर्धी टाकून मी निघाले. हिंजवडीच्या त्या ट्रॅफिकवर इतकी चिडले की शेवटी रिक्षावालाच म्हणाला, "मॅडम, उडवू का आता?"

चिखलात पाच-सहा भांडी पडली होती. दोन बादल्या, एक कळशी, आणि काळाठिक्कर पडलेला एक तांब्या. मी नळीचं पाणी सोडलं, अंगठ्याने घासलं. एकेक टिंब वर यायला लागलं. आजीच्या आईचं नाव, पूर्ण! मी किंचाळलेच.

"सोन्याचा आहे का जी?" सुपरवायझर धावत आला.

"सोन्याहून भारी आहे!"

आडाच्या काठावर हा तांब्या ठेवून रोज चूळ भरणारी घरात एकच बाई होती. माझी आजी!

तसाच ओला, ओढणीत गुंडाळून मी तो आईकडे नेला. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. आई शेंगा सोलत होती. तांब्या तिच्यापुढे ठेवला आणि धापा टाकत सगळं सांगितलं. आता ती रडेल, मला जवळ घेईल, असं वाटत होतं.

तिने चष्मा लावला. नावावरून बोट फिरवलं.

"आडात होता होय," ती म्हणाली. "तू रविवारी लोकांना ही गोष्ट सांगतेस ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"मंडईत एक बाई भेटल्या होत्या. तुझ्याबरोबर हिंडून आल्या होत्या म्हणे. मी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. फार रंगवून सांगितली त्यांनी."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? हसले त्यांच्याबरोबर."

आणि तिने शेंगांचं ताट पुन्हा पुढे ओढलं.