यबो म्हणजे अहो

आमची छाया अबुधाबीच्या एका भारतीय शाळेत नववीला सोशल स्टडीज शिकवते. मास्तरकी तिच्या अंगात इतकी मुरली आहे, की पाणीपुरी खातानासुद्धा मला ‘पूर्ण वाक्यात उत्तर द्या’ असं सुनावते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण तिने मला एकदाही नावाने हाक मारलेली नाही. मी आपला ‘अहो’. आता त्यात मी कुणी खास, असंही नाही. रिक्षावाला अहो, दाताचा डॉक्टर अहो, नळ दुरुस्त करायला आलेला माणूसही अहो. पुण्यात असताना मंडईत तिने हाक मारली की दहा पुरुष मागे वळायचे, आणि पिशवी धरायला मात्र मलाच जावं लागायचं.

मी दुबईतल्या एका बिल्डरकडे प्लॅनिंग इंजिनियर होतो. रोज अबुधाबीहून दुबई आणि परत. दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत मी आमच्या टॉवरच्या चोपन्नाव्या मजल्याचं वेळापत्रक पूर्ण केलं आणि त्याच आठवड्यात टॉवर अकराव्या मजल्यावर थांबला. तो अजून तिथेच आहे. नोकरी खलास, व्हिसा खलास. शिक्षिकेला नवऱ्याला आपल्या व्हिसावर घेता येतं, म्हणून वाचलो. पासपोर्टात नवा शिक्का बसला. स्पॉन्सर, छाया. खाली आणखी एक ओळ, काम करण्यास परवानगी नाही.

ते मला लागलं. खोटं कशाला बोलू? त्या संध्याकाळी मी तिला म्हणालो, ‘‘आता मला अहो-बिहो म्हणू नकोस. स्पॉन्सर तू. यापुढे तू अहो आणि मी अगं.’’

‘‘चौथी शिट्टी झाली,’’ ती वह्या तपासत म्हणाली. ‘‘कुकर बंद करा, अहो.’’

त्या वर्षी माणसं भराभर देशाला परतली. शाळेत नववीच्या चार तुकड्या होत्या, त्यांच्या दोन झाल्या, आणि सोशल स्टडीजच्या शिक्षिका मात्र दोन उरल्या. एवढ्यात डिसेंबरात बातमी आली, की इथली पहिली अणुवीज केंद्रं बांधायचं काम कोरियन कंपन्यांना मिळालं. प्रिन्सिपल जैनब मॅडमनी पेपर बाजूला ठेवला आणि छायाला बोलावून घेतलं.

‘‘छायाजी, अब कोरियन फॅमिलीज आएँगी. हम नौवीं में कोरिया का स्पेशल युनिट करेंगे. हिस्टरी, कल्चर, सब. फेब्रुवारी में एक कोरियन गेस्ट क्लास देखेंगे. वो खुश, तो आपका कॉन्ट्रॅक्ट रिन्यू. नहीं तो दो टीचर कैसे रखूँ, आप ही बताइए.’’

सरळ हिशेब होता. छायाचं कॉन्ट्रॅक्ट गेलं, की तिचा व्हिसा जाणार, त्याला लटकलेला माझा जाणार आणि आमच्या मुग्धाची दहावी अर्ध्यातच सुटणार. कोरियाबद्दल छायाला तोवर एवढंच ठाऊक होतं, की आमचा फ्रिज तिथला आहे.

पण बाई हटली नाही. वाचनालय पालथं घातलं. पंधराव्या शतकात राजा सेजोंगने सामान्य माणसांसाठी सोपी लिपी तयार करवली, हे वाचून ती इतकी हरखली, की भाजीची यादी त्या लिपीत लिहायला लागली आणि मी दोनदा कोथिंबिरीऐवजी पुदिना आणला. किमची, म्हणजे त्यांचं कोबीचं लोणचं, कसं मुरतं ते दाखवायला आंब्याच्या लोणच्याची बरणी रिकामी केली. सत्त्याण्णवच्या मंदीनंतर कोरियन बायाबापड्यांनी देशासाठी घरातलं सोनं काढून दिलं, हा धडा तिने असा काही रंगवला, की तन्मय नावाच्या मुलाने घरी जाऊन आईच्या पाटल्या मागितल्या. आईचा शाळेत फोन आला.

राहता राहिलं कल्चर. त्यासाठी मायलेकी रोज संध्याकाळी लॅपटॉपवर कोरियन मालिका बघायला बसल्या. एका भागात एक प्रौढ बाई नवऱ्यापुढे सूपचा वाडगा ठेवून हळूच म्हणाली, ‘‘यबो.’’

छाया ताडकन उठली. ‘‘अहो, ऐकलंत? यबो! हे तर आपलं अहो!’’

‘‘आई, सबटायटल सेज डार्लिंग,’’ मुग्धा म्हणाली.

‘‘इंग्लिशमध्ये आदर कुठे असतो? त्यांना सगळेच डार्लिंग. ती बाई वाडगा कसा ठेवते बघ की!’’ पुढच्या भागात एकाने फोन उचलून ‘यबोसेयो’ म्हटलं, तेव्हा तर तिची खात्रीच पटली. ‘‘बघा, अनोळखी माणसालाही यबो! म्हणजे नवऱ्यालाही आणि परक्यालाही. अगदी अहो!’’

मला तिचं म्हणणं पटलं. कुठल्याही मराठी माणसाला पटलं असतं.

मग तालीम सुरू झाली. मी बिनकामाचा इंजिनियर असल्यामुळे कोरियन नमस्काराला किती अंशांत वाकायचं ते मी ठरवलं. पाहुणे यायच्या दिवशी मी किमचीची बरणी धरून वर्गात मागे उभा होतो. जैनब मॅडमबरोबर साठीचे एक गंभीर गृहस्थ आत आले. करडा सूट, चष्मा, ताठ मान. छत्तीस मुलं उठली, तीस अंशांत वाकली आणि एका सुरात ओरडली, ‘‘यबो!’’

तेवढ्यावर थांबेल तर तो तन्मय कसला? त्याने खुर्ची पुढे सरकवली. ‘‘यबो, प्लीज सिट.’’

गृहस्थ कानापर्यंत लाल झाले. ‘‘हू टॉट देम धिस वर्ड?’’

‘‘आय डिड, सर,’’ छाया अभिमानाने म्हणाली.

‘‘मॅडम, ओन्ली माय वाईफ कॉल्स मी धिस.’’

मागच्या बाकावरून ईश्वरीचा आवाज आला, ‘‘मिस, वी ऑल मॅरिड हिम!’’

वर्गात हशा फुटला. जैनब मॅडमचं हसू मावळलं. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. फ्रिज विकावा की न्यावा, इथपर्यंत पोचलो. छायाचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण शेवटी मास्तरीणच ती. खडू उचलून तिने फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘अहो’ लिहिलं.

‘‘सर, धिस इज माय लँग्वेज. दॅट मॅन विथ द पिकल जार इज माय हजबंड. आय कॉल हिम अहो. माय डेंटिस्ट, ऑल्सो अहो. बस ड्रायव्हर, अहो. वन वर्ड, सर, फुल रिस्पेक्ट. आय थॉट यू ऑल्सो हॅव्ह वन वर्ड.’’

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी बरणीसकट तीस अंशांत वाकलो.

पाहुणे फळ्यापाशी गेले. मग सावकाश सांगू लागले. त्यांच्या आजोबांच्या गावी म्हातारी माणसं रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही ‘यबो’ म्हणून हाक मारत. मूळ अर्थ, इकडे बघा. पुढे तो शब्द रस्त्यावरून उठून घरात गेला आणि नवरा-बायकोपुरता उरला. ‘‘सो मॅडम इज नॉट राँग,’’ ते म्हणाले. ‘‘ओन्ली हंड्रेड इयर्स लेट.’’

मग त्यांनी चष्मा काढून पुसला. टेंडरच्या तयारीपासून चौदा महिने ते इथे एकटे राहत होते. बायको तिकडे, आजारी सासूपाशी. समोर उभं राहून कुणी या शब्दाने हाक मारल्याला चौदा महिने झाले होते. ‘‘प्लीज,’’ ते मुलांना म्हणाले, ‘‘वन मोअर टाइम.’’

‘‘यबो!’’

हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मागे उभ्या उभ्या मला स्वतःची लाज वाटली. मला हा शब्द घरबसल्या दिवसातून चाळीस वेळा मिळत होता, आणि मी तो बंद कर म्हणून सांगितलं होतं.

निघताना जैनब मॅडम छायाला म्हणाल्या, ‘‘कॉन्ट्रॅक्ट रिन्यू, इन्शाल्ला.’’ त्या इन्शाल्लाने आमचे दोन आठवडे खाल्ले. मग पत्र आलं.

एप्रिलमध्ये व्हिसाचे अर्ज भरायला टायपिंग सेंटरमध्ये गेलो. तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. पठाण, मल्याळी, फिलिपिनो, इजिप्शियन, सगळे आपापल्या भाषेत भांडत होते. काउंटरवरच्या अन्वरने माझा पासपोर्ट उघडला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मोठ्याने विचारलं, ‘‘स्पॉन्सर किधर है भाई?’’

माझी मान खाली गेली. एवढ्यात दारातून, हातात फायलींची पिशवी घेतलेल्या छायाचा खणखणीत आवाज आला.

‘‘अहो!’’

तिथे शे-दीडशे पुरुष होते. मागे वळलो तो मी एकटाच. आणि पिशवी धरायला हात पुढे केला.