वाटीत भिजणारी दोरी

आमचे डॉ. अनंत खारकर साठ वर्षांचे झाले, यावर त्यांच्या गुडघ्यांखेरीज कुणाचा विश्वास बसणार नाही. गौरवग्रंथासाठी मीही लिहावे असा आग्रह झाला. मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. रक्त टिपायच्या जाळीदार कापडाचे, म्हणजे गॉजचे, तुकडे मोजण्यात हयात गेली, त्यामुळे शब्द कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

रोह्याहून पेणला, रामवाडीच्या त्यांच्या रुग्णालयात मी रुजू झाले तो दिवस आठवतो. पहिली शस्त्रक्रिया आटोपल्यावर डॉक्टरांनी विचारले, "सिस्टर, हे बघून काय प्रश्न पडला?" मी म्हणाले, "काही नाही, सर." ते म्हणाले, "मग उद्या पडू दे." मला वाटले, हे गृहस्थ जरा विक्षिप्तच दिसतात. ते मत मी अजून पूर्ण बदललेले नाही.

हमरापूरच्या सुगंधाताई गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखतात. कारखान्यात जमिनीवर मांडी घालून, मूर्तीच्या नजरेला नजर भिडवून बसायचे, असे ते काम. टेम्पोत मूर्ती चढवताना ताईंचा पाय घसरला आणि गुडघ्याच्या आतला बंध तुटला. डॉक्टरांनी मांडीमागची एक दोरी, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा, काढून गुडघ्यात बसवली. शस्त्रक्रिया छान झाली. आणि तिसऱ्या आठवड्यात गुडघ्यात पू झाला. बसवलेली दोरी काढून टाकावी लागली.

डॉक्टर स्वतः हमरापूरला गेले, मी बरोबर होते. सुगंधाताई खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर, हात हाय, नजर हाय, पण खाली बसता येत नाय. डोळे आखू कशी?" डॉक्टरांनी सबब सांगितली नाही. "कुठे चुकलं ते मला माहीत नाही, ताई. पण शोधतो," एवढेच म्हणाले. मोठ्या डॉक्टरांच्या तोंडून 'माहीत नाही' मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

मग शोध सुरू झाला. काढलेली दोरी टेबलावर कुठे ठेवली जाते, कुणाचा हात लागतो, किती वेळ उघडी राहते, हे सगळे त्यांनी मला लिहून काढायला लावले. त्याच सुमारास त्यांच्या वाचनात आले की काही सर्जन बसवण्याआधी ही दोरी व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकच्या पाण्यात भिजलेल्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवतात. तेव्हा मला माझा पहिला खरा प्रश्न पडला. "सर, सलाईनमधून औषध देतोच की. मग हे कशाला?"

डॉक्टर असे खूश झाले की जणू मीच शोध लावला! म्हणाले, "काढलेल्या दोरीला काही दिवस रक्तपुरवठाच नसतो. रक्तातलं औषध तिथे पोचणार कसं? तुम्ही वाल भिजत घालता ना? पाणी आत मुरतं. तसं औषध दोरीत मुरवायचं, म्हणजे ते आतून हळूहळू पाझरत राहतं."

गुडघ्यातला जंतुसंसर्ग पूर्ण बरा झाल्यावर, काही महिन्यांनी सुगंधाताईंची दुसरी शस्त्रक्रिया ठरली. या वेळी दुसऱ्या पायातली दोरी घेतली. गॉजमध्ये गुंडाळून ती वाटीत ठेवली. ओले गॉज दिसले की उचलून बादलीत टाकायचे, ही माझी वर्षानुवर्षांची सवय. मी ती गुंडाळी उचलली. हात बादलीवर गेला होता.

"सिस्टर," डॉक्टर अगदी हळू बोलले, "त्यात सुगंधाताईंचा गुडघा आहे."

मी गुंडाळी परत वाटीत ठेवली. ते ओरडले असते तर मला बरे वाटले असते. संध्याकाळी त्यांनी मला बोलावून चहा दिला आणि विचारले, "हात तिकडे का गेला असेल?" रागाने नव्हे, खरोखर जाणून घ्यायला. मी सवयीचे सांगितले. तेव्हापासून आमच्याकडे त्या गुंडाळीला निळा धागा बांधतात, आणि ती ठेवणाऱ्याने मोठ्याने म्हणायचे, "दोरी वाटीत!" बाकीच्यांनी म्हणायचे, "वाटीत!" नवे लोक हसतात. आम्ही हसत नाही.

तिसरा आठवडा सरेपर्यंत मला जेवण गोड लागले नाही. गुडघा कोरडा राहिला. मी आनंदाने नाचायचीच बाकी होते, तर डॉक्टर म्हणतात, "एका गुडघ्यावरून काही सिद्ध होत नाही, सिस्टर. नोंद ठेवत राहा."

यंदा सुगंधाताई डोळे न आखलेली मूर्ती घेऊन रुग्णालयात आल्या. सगळ्यांसमोर जमिनीवर अलगद मांडी घालून बसल्या आणि ब्रश उचलला. माणसे श्वास रोखून मूर्तीचे डोळे बघत होती. आमचे डॉक्टर त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून गुडघा बघत होते.

"डॉक्टर, गुडघा काय बघताय, आता तरी देवाकडं बघा!" सुगंधाताई हसल्या.

"थांबा हो," डॉक्टर म्हणाले, "किती वाकतो ते नीट बघू दे."

मी मात्र डॉक्टरांकडे बघत होते, आणि मला रडू आवरेना.

सर, तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य मिळो. तुमचे गुडघे कुरकुरतात हे आम्हाला ठाऊक आहे. कधी वेळ आलीच, तर काळजी नसावी. धागा मी स्वतः बांधीन, आणि माझा हात बादलीकडे जाणार नाही.